दोन बाह्या बाकी

तर मंडळी, गेले तीन वीकेंड मी गायब होतो. बग नव्हता, रिलीज नव्हतं, आजारीही नव्हतो. विणत होतो. हो, विणतच. लोकर, दोन सुया, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. जुन्या मित्रांना माझं हे खूळ माहीत आहे. नवीन लोकांनी दचकू नये, मी एरवी नॉर्मल आहे :-)

पुढच्या शनिवारी ऱ्हाइनबेकला जायचंय. आमच्या एडिसनहून गाडीने उत्तरेला साधारण दोन तास, हडसन नदीच्या पलीकडे हे छोटंसं गाव आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या वीकेंडला तिथल्या डचेस काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल भरतो. नाव लांबलचक, पण विणणारे नुसतं 'ऱ्हाइनबेक' म्हणतात. २०२० साली कोविडमुळे तो ऑनलाइन झाला, तेव्हा लोकांना वारी चुकल्यासारखं झालं होतं. मेंढ्या, बकऱ्या, अल्पाका, लामा, मेंढ्या हाकणारी कुत्री, नुकतीच कातरलेली लोकर घ्यायला सकाळपासून रांगा, आणि शेडच्या शेड भरून रंगीत लड्या. तळलेल्या आर्टिचोकची रांग तर आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या भजीच्या गाडीला लाजवेल अशी. भोवती सगळी झाडं लाल-पिवळी.

आणि तिथली एक रीत आहे. दिवाळीला जसे नवे कपडे, तसा ऱ्हाइनबेकला नवा स्वेटर. स्वतः विणलेला. अनोळखी माणसं तुम्हाला थांबवून विचारतात, "कुठलं पॅटर्न? लोकर कुठली?" उन्हाळ्यात टाके घालायचे आणि ऑक्टोबरपर्यंत पुरं करायचं. पार्किंगमध्ये गाडीत बसून शेवटचे धागे खोचणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. (एक जण रोज आरशात दिसतो.)

सप्टेंबरच्या मध्यावर माझी परिस्थिती अशी होती. निळा स्वेटर, माझा स्वतःचा : अंग पूर्ण, दोन बाह्या बाकी. बायकोची शाल : अर्धी. ऑफिसातल्या एकाच्या बाळाची टोपी : शेंडा बाकी, पण बाळ आता पळायला लागलंय, त्यामुळे टोपी बहुतेक त्याच्या अस्वलाला. आणि बाबांचा स्वेटर : पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. कपाटात, पिशवीत, दोन वर्षं.

बाबांच्या स्वेटरची गोष्ट जरा लांबून सांगावी लागेल.

मी दहा वर्षांचा असताना मला कावीळ झाली. तीन आठवडे शाळा बंद, खेळ बंद, तेलकट बंद. मी आजीचं डोकं खाल्लं, तेव्हा तिने माझ्या हातात सुया दिल्या. बाबा संध्याकाळी कचेरीतून आले आणि दारातच थांबले. "हे काय?" आजी म्हणाली, "पोरगं टाके मोजतंय. पाढे सुधारतील." बाबा काही बोलले नाहीत. पण नंतर कोणी पाहुणे आले, की ते पायाने माझा लोकरीचा गुंडा हळूच दिवाणाखाली ढकलायचे. मला दिसायचं ते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी फोनवर ते म्हणाले तेव्हा मला क्षणभर कळेनाच. "यंदा नाशिकला थंडी फार रे. निफाडकडे तर विचारूच नको. तुझ्या त्या सुया चालू आहेत ना अजून? जमलं तर एखादा माझ्यासाठी बघ. घाई नाही."

घाई नाही! आमच्या धंद्यात ज्या कामावर 'घाई नाही' असं लिहिलं, ते संपलंच. ते बॅकलॉगच्या तळाशी जाऊन बसतं आणि तिथेच त्याला शेवाळ येतं. मी उत्साहाने सुरुवात केली, आईकडून जुन्या शर्टाचं माप घेतलं, तीन महिन्यांत एका बाहीपर्यंत आलो. मग ऱ्हाइनबेक आलं, मग ऑफिसचं काहीतरी, मग पुढचं ऱ्हाइनबेक. बाबांनी एकदाही विचारलं नाही.

या सप्टेंबरात ठरवलं, जाण्याआधी सगळं संपवायचं. डिसेंबरच्या २० तारखेचं नाशिकला जायचं तिकीट काढलेलं आहे, तेव्हा बाबांची उरलेली बाहीही उरकून टाकू. सहज म्हणून व्हिडिओ कॉलवर आईला म्हटलं, एकदा टेप लावून बघ गं. गेल्या वर्षी बाबा आजारी होते, तेव्हापासून जरा उतरलेत, एवढं माहीत होतं. आईने टेप लावली.

"छत्तीस."

"नीट बघ. चाळीस असेल."

"अरे छत्तीसच आहे. आणि ऐक, डोक्यातून घालायचा नको करूस. त्यांचा उजवा हात आता वर जात नाही. शर्टसुद्धा मीच घालून देते."

बाबा बाजूला बघत होते, जणू माप दुसऱ्याच कोणाचं चाललंय.

आता हिशोब बघा. माझ्या हाताला एका इंचात ५ टाके बसतात. छाती ४० आणि वर ४ इंच सैलपणा, म्हणजे ४४ इंच, २२० टाके. छाती ३६ म्हणजे ४० इंच, २०० टाके. वीस टाक्यांचा फरक. आई म्हणाली, शिवणीत दाबून घे. पण जाड विणीत एवढं दाबलं की दोन्ही कुशीत दोरखंड घेऊन हिंडल्यासारखं होतं. शिवाय पुढचा भाग आता मधोमध उघडा हवा, बटणपट्टी हवी. म्हणजे जे झालं होतं, ते सगळं चुकीच्या माणसासाठी झालं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या.

त्यात मला सगळ्यात काय लागलं सांगू? टीममध्ये नवीन पोरं आली की मीच त्यांना ऐकवतो, 'आधी युजरला विचारा, मग कोड लिहा.' आणि इथे मी शर्टाला विचारलं होतं.

त्या रात्री उसवायला बसलो. ज्याला महिने लागले, ते वीस-पंचवीस मिनिटांत उलगडतं. बाहीसुद्धा उसवली, दंडही बारीक झालेत. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. मग आजीची पद्धत : ती माझे दोन्ही हात पुढे करायला लावून त्यावर लडी गुंडाळायची, मी खुर्चीच्या पाठीवर गुंडाळली. चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली, न पिळता बाथरूममध्ये टांगली. सकाळी बायको म्हणाली, "शॉवरमध्ये मेंढी लटकली आहे." दोन दिवसांत लोकर सरळ झाली. लोकरीचं एक बरं असतं, तिच्यात बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी असते.

मग एक्सेल उघडलं. इंचाला ७ ओळी, लांबी २६ इंच, म्हणजे १८२ ओळी. पाठीचे १८,२००, पुढचे दोन भाग मिळून तेवढेच, बाह्यांचे सोळा हजारांच्या वर. मुंढे आणि गळ्याची घट सोडून दिली तरी जवळजवळ ५३ हजार टाके. मी मिनिटाला २५ विणतो, म्हणजे ३५ तास. आणि डग्लस हॉफस्टॅटरने १९७९ साली सांगून ठेवलंय, की काम नेहमी अंदाजापेक्षा जास्त वेळ खातं, आणि हे लक्षात घेऊन अंदाज केला तरीही खातं. ट्रेनमधला वेळ, रात्रीचा अर्धा तास आणि वीकेंड मिळून एकच स्वेटर होण्यासारखा होता.

निळा पिशवीत गेला. त्याच पिशवीत, जिथे बाबांचा दोन वर्षं होता. मोठा त्याग वगैरे काही नाही हो, बाह्या पुढच्या वर्षीही विणता येतात. माझ्या हाताचं माप बदलणार नाही.

आज स्टेटस असं : पाठ पूर्ण, पुढचा डावा भाग मुंढ्यापर्यंत. काल बाबांना कॅमेऱ्यात दाखवला. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "खिसा होईल का? चष्म्यापुरता." रिलीजच्या तोंडावर नवीन रिक्वायरमेंट! एरवी मी मेलवर मेल टाकले असते. म्हटलं, "होईल बाबा. डावीकडे की उजवीकडे?" "डावीकडे. डाव्या हाताने काढता येईल." मग जरा थांबून, "सावकाश कर, घाई नाही." मी म्हटलं, "आहे हो घाई. थंडी सुरू होईल." त्यावर ते हसले, आणि शेजारचे काका आले होते त्यांना म्हणाले, "इकडे या, हे बघा काय करतोय."

तर ऱ्हाइनबेकला जुना मरून स्वेटर घालून जातोय, कोपरावर ठिगळ लावलेला. कोणी पॅटर्न विचारलंच, तर ठिगळाचं सांगेन. तिथल्या एका शेडमध्ये हाताने केलेली लाकडी बटणं मिळतात. मोठी घ्यायचीत, बाबांच्या बोटांना लहान बटणं काजातून काढता येत नाहीत. हे या वेळी आधी विचारून घेतलंय. सहा लागतील, सात घेईन.

चला, उजवा भाग सुरू करायचाय.