मानोहाचे पथ्य

नाताळची रात्र होती. नोकरीच्या निमित्ताने हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात आलो आणि आम्ही तेथलेच होऊन गेलो. तिकडची डिसेंबरातील थंडी हाडांना भिडते. मध्यरात्रीचा मिस्सा आटोपून सारे घरी आलो. घरीच केलेल्या द्राक्षारसाची बाटली वडीलकीच्या मानाने आम्ही उघडली. सुनेला चौथा महिना होता. पेला पुढे करताच तिने क्षणभर हात मागे घेतला. "घे पोरी, सणाचे आहे, अंगात ऊब येईल," आम्ही म्हणालो. सासऱ्याचा शब्द तिने मोडला नाही.

शुभेच्छा द्यावयास आलेल्या एका सिस्टरांनी हे पाहिले. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. चारचौघांत त्या काही बोलल्या नाहीत. निघताना अंगणात थांबून हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तो पेला तिने एकटीने नाही घेतला. पोटातल्या लेकरानेही घेतला."

ते वाक्य आम्हांस झोपू देईना. पुढे वाचले, विचारले, तेव्हा उमगले. मद्य आईच्या रक्तातून वारेमार्फत गर्भापर्यंत पोहोचते. त्याचे यकृत कोवळे असते; मद्याचा निचरा करण्याचे बळ त्यात नसते. त्यामुळे गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते किंवा कमी वजनाचे निपजते. त्याच्या मेंदूची वाढ तर नऊही महिने चालू असते. फ्रान्समधील नांत येथील डॉ. पॉल लेमोईन यांनी १९६८ साली मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनी या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असे नाव दिले. पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. अभ्यासात, स्मरणात, वागण्यात मात्र ती अडखळतात, आणि ते जन्मभर. हा विकार बरा करणारे औषध नाही. टाळणे मात्र पूर्णपणे शक्य आहे. गरोदरपणात अमुक इतके मद्य निर्धोक, असे प्रमाण वैद्यकाला सापडलेले नाही. द्राक्षारस, बिअर, मोहाची वा हातभट्टीची, साऱ्यांत मद्यार्क एकच.

"आपल्या बायका कोठे पितात?" असे आपण सहज म्हणतो. पण लग्नातला पेला, सणाचा घोट, सर्दीवरची दोन चमचे ब्रँडी यांना आपण पिणे म्हणतच नाही. आणि हे सारे तिच्या हाती देणारे आपणच असतो.

शास्ते या पुस्तकाचा तेरावा अध्याय आम्ही अनेकदा वाचला होता. शमशोनाच्या आईला देवदूताने द्राक्षारस व मद्य वर्ज्य करावयास सांगितले, एवढेच ध्यानात राहिले होते. त्या रात्रीनंतर पुन्हा वाचले, तेव्हा दिसले की तिचा नवरा मानोहा याने विनवणी केल्यावर देवदूत पुन्हा आला आणि तेच पथ्य त्याने मानोहालाही सांगितले. पथ्य बाईचे खरे, पण ते सांभाळण्याची जबाबदारी साऱ्या घराची!

आमची नात आज सुदृढ आहे, शाळेत जाते. परमेश्वराची कृपा. तरी त्या कृपेच्या भरवशावर आम्ही तिला ढकलले, ही बोच राहिलीच. ज्या भगिनींनी नकळत घेतले असेल, त्यांनी झुरत बसू नये; ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून सोडले तरी बाळाचे हितच होते. जिला रोजची सवय जडली असेल, तिने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावे; एकाएकी सोडणेही धोक्याचे ठरू शकते. अशा बाईला दूषण नको, सोबत हवी.

काना गावच्या लग्नातील प्रभूच्या द्राक्षारसाशी आमचे भांडण नाही. मात्र घरात कोणी गरोदर असली, की आता नाताळच्या रात्री आमच्याकडे वसमतची हळद घातलेले गरम दूध असते. ते सारेच घेतात, पुरुषसुद्धा. कोणा सुनेला हात मागे घ्यावा लागत नाही.