पासष्टच्या वरचे

जून २०२० मध्ये सरकारने टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवायला घेतली. त्या कार्यक्रमाचं इंग्रजी नाव 'मिशन बिगिन अगेन' आणि मराठी नाव 'पुनश्च हरिओम'. मराठीच्या मास्तराला बरं वाटावं असंच नाव. टिळकांनी तुरुंगवासानंतर १८९९ मध्ये केसरीची सूत्रं पुन्हा हाती घेतली, तेव्हाच्या अग्रलेखाची ती आठवण. मी उत्साहाने आदेश वाचायला घेतला. (नातवाने मोबाईलवर काढून दिला होता.) काय काय उघडणार ते त्यात होतं, आणि पुढे एक कलम होतं. ६५ वर्षांवरील व्यक्ती, १० वर्षांखालील मुलं, गरोदर स्त्रिया आणि जुने आजार असलेले लोक यांनी अत्यावश्यक किंवा दवाखान्याच्या कामाशिवाय घरातच राहावं. म्हणजे हरिओम पुनश्च, पण आम्हाला वगळून!

आमच्या पिढीचं वय ही तशी गुरुजींची देणगी. आईबाप पोराला घेऊन यायचे, 'दुष्काळाच्या साली झाला' एवढंच सांगायचे. मग उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहून गुरुजी १ जून टाकून मोकळे. निवृत्तांच्या कुठल्याही सभेत विचारा, निम्मे हात १ जूनला वर होतील. माझीही तीच तारीख, साल १९५०. त्या तारखेच्या जोरावर मी २००८ मध्ये निवृत्त झालो आणि त्याच तारखेच्या जोरावर २०२० मध्ये घरात बसलो. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत नाव घालायला जन्माचा दाखलाच ग्राह्य धरतात, तेव्हा १ जूनवाले आम्ही शेवटचेच. असो.

खरं सांगायचं तर टाळेबंदीत चिखलीत गावाचं पोट चालवणारं काही बंद पडलं नव्हतं. पेनटाकळी धरणाचं पाणी आपल्या पाळीने नळाला येत होतं. घंटागाडी एकही गाणं न चुकवता दारावरून जात होती. सफाई कामगारांना घरी बसा असं कोणीच म्हटलं नाही. बंद झालं ते माणसं एकत्र येण्याचं. आठवडी बाजार, वाचनालय, मंदिर, यात्रा. रेणुकामातेची चैत्रातली यात्रा २०२० ला नाही आणि २०२१ लाही नाही. सरकारी भाषेत हे 'अत्यावश्यक' नव्हे. तरुण माणसाला ते पटतंही, त्याच्याकडे बाकी पुष्कळ असतं. निवृत्त माणसाचा दिवस मात्र अशा दोन-तीन जागांवरच उभा असतो.

माझी एक जागा म्हणजे वाचनालयातलं वर्तमानपत्रांचं टेबल. तिथे माझे एक स्नेही यायचे, दुसऱ्या शाळेतले शिक्षक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारा वर्षं आम्ही एकाच पेपरची पानं वाटून वाचली. ते अग्रलेख आधी घेत, मी आतली पानं. घरी पेपर दोघांकडेही येत होता, ही गोष्ट वेगळी.

सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले. करोनाने नव्हे, झोपेत, हृदयाने. पण त्या दिवसांत मरणाचं कारण सांगितलं तरी लोक दोन पावलं मागेच सरकत. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आम्ही तेवढेही भरलो नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा आला. पुण्याहून आलेला. म्हणाला, "काका, मृत्यूचा दाखला काढायचाय. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला लागतो. कागद कोणते, कुठे, मला काहीच माहीत नाही." मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. १९६९ चा कायदा आहे तसा. महिना उलटला की तेव्हा विलंब शुल्क, लेखी परवानगी, प्रतिज्ञापत्र लागे, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वहिनींना तोवर काय मिळणार होतं? तेव्हा कलम बाजूला ठेवून मी मास्क बांधला आणि निघालो. हे काम अत्यावश्यक नाही तर दुसरं कोणतं?

खिडकीवर प्लास्टिकचा पडदा, खाली पांढऱ्या रंगाचे गोल, प्रत्येक गोलात एक माणूस. पुढच्या बाईही दाखल्यासाठीच आल्या होत्या, मागचे गृहस्थही. पडद्याआडच्या कारकुनाने मला डोळ्यांवरून ओळखलं. "सर, तुम्ही कशाला आलात? घरी राहायचं ना या वयात!" माझाच विद्यार्थी निघाला. त्याने कागद पाहिले, मुदतीला चार दिवस आहेत हे बोटांवर मोजलं आणि हातातलं बाजूला ठेवून नोंद घेतली. वयाच्या रकान्यात ६८ लिहिलं. "जन्मतारीख १ जूनच ना, सर?" त्याने विचारलं. मला त्या जागी हसू आलं, आणि मग मास्कच्या आत काय झालं ते सांगत नाही.

१५ ऑक्टोबर २०२० पासून वाचनालयं आणि आठवडी बाजार उघडायला सरकारने परवानगी दिली. मी गेलो, तर दारावर तीच सूचना, पासष्टच्या वरच्यांनी येऊ नये. ग्रंथपाल बिचारा ओशाळला. त्याने काय करावं? वर्तमानपत्रांच्या टेबलावर दुपारी बसणारे आम्ही सगळेच पासष्टच्या वरचे, म्हणजे टेबल उघडलं आणि बसायला कोणी नाही. त्याने मात्र पुस्तकं सायकलवरून घरी पोचवली, हे नमूद केलं पाहिजे.

पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस बुलढाणा, चिखली, खामगाव, देऊळगाव राजा आणि मलकापूर ही शहरं प्रतिबंधित क्षेत्रं झाली आणि उघडलेलं परत मिटलं. गंमत पाहा, १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. ज्या वयामुळे आम्ही रांगेबाहेर होतो, त्याच वयामुळे रांगेत पहिले! मग जूनमध्ये पाच स्तर आले, ऑक्टोबरमध्ये घटस्थापनेला मंदिरं उघडली, आणि १ एप्रिल २०२२ पासून, पाडव्याच्या तोंडावर, सगळे निर्बंध उठले.

मी टेबलावर परत गेलो. आम्ही नऊ जण बसायचो, चार आलो. अग्रलेखाचं पान आता कोणी मागत नाही, ते आपलं आपल्यासमोर येतं.

या सगळ्यात एक दार मात्र फार उशिरा उघडलं. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. चार वर्षं गल्लीत हाक मारायला नगरसेवकच नाही. लोकांनी ते करोनाइतकंच निमूट सोसलं, याचं मला अजून नवल वाटतं.

नोव्हेंबरात उमेदवार दारोदार फिरत होते. आमच्याकडेही एक तरुण आला, पाया पडला. मी म्हटलं, "मला काही नको. कचेरी कुठलीही असो, खिडकीपुढे म्हाताऱ्यांना टेकायला एक बाक ठेवायला लाव."

तो हसला. "काका, आता खिडकीवर यायचं कामच काय? सगळं मोबाईलवर होतं."

"मग बाळा, तू मोबाईलवरच मत मागायचंस," मी म्हटलं. "घरी कशाला आलास?"

चहा घेऊन गेला तो. बाकाचं वहीत लिहून घेतलंय.