न सोडणारा ब्रेक

आमच्या गावात मराठी शाळेचं पटांगण सोडलं तर सपाट जागा म्हणून नाही. पाटण तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव. घर एका टप्प्यावर, गोठा त्याच्या खालच्या टप्प्यावर, भाताची खाचरं त्याहून खाली, ताली घालून बसवलेली. अशा गावात चाकाची कुठलीही वस्तू उभी करायची म्हणजे आधी तिला थांबवायची सोय बघावी लागते. आमच्या वडिलांच्या काळात बैलगाडी उभी केली की बैल सोडायच्या आधी चाकाला दगड लागायचा. अंगणाच्या कडेला दोन काळे दगड त्या कामासाठीच ठेवलेले असत. धाव लागून लागून त्यांना खाच पडलेली. गाडी मोडून वीस वर्षं झाली, दगड अजून आहेत.

आता अंगणात मारुती आठशे उभी असते. २००३ सालचं मॉडेल, मी २०११ साली पाटणच्या एका शिक्षकांकडून घेतली. पांढरा रंग, पुढचा डावा दरवाजा जरा आपटून लावावा लागतो. २०१८ ला तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा पासिंग करून पुढची पाच वर्षं घेतली. २०२३ ला पुन्हा पाच. मुंबईचा थोरला म्हणतो, "तात्या, भंगारात घाला ती आता." पण त्याचं मुंबईतून म्हणणं वेगळं आणि आमचं इथलं चालणं वेगळं. मंडळींना आठवड्यातून दोन वेळा कराडला डायलिसिसला न्यावं लागतं, सोमवारी आणि गुरुवारी. चार तास मशीनवर झाले की माणूस पिळून काढल्यासारखा होतो. बीपी खाली येतो, पायात गोळे येतात. त्या अवस्थेत एस.टी.च्या पायरीवर तिचा पाय चढत नाही. म्हणून ही गाडी. हौस नव्हे ती, औषधाच्या पिशवीतलीच एक वस्तू आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडचा पाऊस म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस. ज्येष्ठात धरला की भाद्रपदापर्यंत कपडा वाळत नाही. दाराच्या कड्या गंजतात, विळ्याला दोन दिवसांत तांबूस रंग चढतो. त्याच दिवसांत गाडी जड वाटायला लागली. चढाला दुसऱ्या गिअरवर जायची तिथं पहिला मागायची. लिटरला सोळा-सतरा किलोमीटर द्यायची ती तेरावर आली. ओळखायची खूण मात्र अंगणातच होती. आमच्या उतारावर हँडब्रेक सोडला की गाडी आपोआप दोन हात खाली सरकायची. ती सरकेना झाली. दांडी खाली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा बंद, आणि गाडी जागच्या जागी. तो दिवा फक्त दांडी खाली आली एवढंच सांगतो. चाक सुटलं का नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

त्या गुरुवारी कराडला पोचलो तेव्हा मागच्या उजव्या चाकातून करपल्याचा वास येत होता. मंडळी मशीनवर गेल्यावर चार तास हातात होते. तिथल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. पोरानं चाकाकडं वाकून बघितलं आणि सांगितलं, "दोन्ही ड्रम, शू, सिलेंडर, केबली, सगळं नवीन टाकावं लागंल. गाडी दोन दिवस सोडून जावा." आकडा सांगितला तो आमच्या सोयाबीनच्या चार पोत्यांचा होता. पैशाचं एक वेळ बघता आलं असतं. पण गाडी सोडून जायची तर मंडळींना घरी कसं न्यायचं? चाक न उचलता, हातानं न फिरवता त्यानं एवढं सगळं कसं ओळखलं, हेही मला पटेना.

परत येताना चाळीसच्या वर गेलो नाही. मल्हारपेठेला आमचे ओळखीचे मिस्त्री आहेत. पूर्वी ट्रॅक्टर करायचे, आता वयोमानानं छोटीच कामं घेतात. त्यांनी दोन्ही मागच्या चाकांजवळ आळीपाळीनं हात नेला, लावला नाही. डावं कोमट, उजव्याजवळ हात टिकेना.

"तात्या, हे असं घाटातनं नेऊ नगासा," ते म्हणाले. "ड्रम तापला की त्याच्या आतल्या सिलेंडरातलं ऑइल उकळतं. मग पायातला ब्रेक दाबला तरी पोकळ जातो. हातातला सोडत न्हाई आन पायातला धरत न्हाई, असं व्हायचं."

मागच्या सीटवर मंडळी डोळे मिटून पडली होती. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

अर्धा तास चाक निवू दिलं. मग मिस्त्रींनी दोन सीटच्या मधल्या दांडीजवळचा केबलीचा नट ढिला केला. तरी चाक मोकळं होईना. खाली शिरून पकडीनं केबल मागं ढकलली, तेव्हा आत काहीतरी कटकन सुटलं. "आजच्या पुरतं हाय. घरी गेल्यावर हँडब्रेक ओढायचा न्हाई, दगड लावायचा. रविवारी येतो. उजवी केबल आन स्प्रिंगा तेवढ्या आणून ठेवा." वडिलांचे दगड त्या रात्री पुन्हा कामाला आले.

रविवारी शाळेच्या पटांगणात गाडी नेली. काम करायचं तर जमीन सपाट आणि घट्टच पाहिजे, हा मिस्त्रींचा पहिला नियम. गाडी गिअरमध्ये ठेवली. मारुतीला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना, त्यामुळं गिअरमध्ये पुढची चाकं धरून राहतात आणि मागची मोकळी असतात. शिवाय पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. मागून जॅकवर उचलली, पण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही. बैलगाडीच्या जुन्या कण्याचे तुकडे माळ्यावर होते, ते खाली दिले. दांडी पूर्ण खाली करून दोन्ही चाकं हातानं फिरवली. डावं सुरसुरत फिरलं. उजवं ढकलावं तेवढंच सरके. नातू बाजूला उभा होता, त्याला मिस्त्री म्हणाले, "रोग कुठल्या चाकात हाय ते आधी बघायचं. दोन चाकं आपल्याला एवढ्यासाठीच दिल्याती. एक दुसऱ्याचं बिंग फोडतं."

चाक उतरवलं. मधलं बुच काढलं, नट सोडला. ड्रम सहज येईना. त्याच्या कडेला लाकडाचा ठोकळा धरून गोल गोल हलके ठोके दिले, मग तो आला. आत काळी भुकटी भरलेली. नातू फुंकर मारायला वाकला तसा मिस्त्रींनी त्याला मागं ओढला. जुन्या शूच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असायचं, छातीत जातं ते. ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

शूवर अजून चांगला थर होता. सिलेंडर कोरडा, कुठं गळती नाही. ड्रमला खाच नाही. म्हणजे कराडच्या यादीतलं निम्म्याहून जास्त काही लागणार नव्हतं. बिघाड होता तो दोन ठिकाणी. आत शूला जोडलेली एक छोटी पट्टी असते, केबल ओढली की ती शूला बाहेर दाबते. ती तिच्या खिळ्यावर गंजून आखडली होती. आणि केबलीचं वरचं कवच चाकाजवळ चिरलं होतं. त्यातून चिखलाचं पाणी शिरून आतली तार गंजून फुगली होती. मिस्त्रींनी केबल सोडवून माझ्या हातात दिली. ओढली तर आली. सोडली तर तिथंच राहिली.

"बघा आता," ते म्हणाले. "वढायला तुमचा हात हाय. हात गंजाला ऐकत न्हाई, वढतोच. पण माघारी न्यायला आत नुसत्या एवढ्याएवढ्या स्प्रिंगा. त्यांचं बळ किती? म्हणून हँडब्रेक धरायचा कधी ऱ्हात न्हाई, सोडायचा ऱ्हातो."

माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं. आमच्याकडं एक म्हातारा बैल होता. शेवटच्या वर्षी खांद्यावरचं जू काढलं तरी तो तसाच मान खाली घालून उभा राहायचा. मोकळा झालोय हे त्याला कळायलाच वेळ लागायचा. पाठीवर थाप मारली की मग गव्हाणीकडं चालायला लागायचा.

पट्टी रॉकेलमध्ये भिजवून, पॉलिशपेपरनं घासून मोकळी केली, बोटानं हलेल इतकी. शू जिथं मागच्या पत्र्याला घासतात त्या जागा साफ करून तिथं बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावलं. बैलगाडीच्या आसाला आम्ही वंगण सढळ हातानं घालायचो, तसं इथं चालत नाही. शूला किंवा ड्रमला ग्रीसचा डाग लागला तर ब्रेकच लागणार नाही. नव्या स्प्रिंगा, नवी केबल. ड्रम बसवला, नट कसला, चाक चढवलं. मग आधी पायातला ब्रेक आठ-दहा वेळा दाबून घेतला, म्हणजे शू आपापल्या जागी बसतात. हँडब्रेकची केबल आवळायची ती त्यानंतर. आधी आवळली तर माप चुकतं. पाच-सहा दातांवर दांडी घट्ट झाली, दोन्ही चाकं थांबली. दांडी खाली केली. मिस्त्रींनी नातवाला सांगितलं, "फिरव." त्यानं उजव्या चाकाला टिचकी मारावी तसा हात लावला, आणि ते डाव्यासारखंच सुरसुरत फिरलं.

सगळ्या सामानाचे मिळून हजाराच्या आत पैसे झाले. मिस्त्रींनी मजुरी घ्यायला आढेवेढे घेतले, मी खिशात कोंबली. मंडळींनी पाठवलेली नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण मात्र त्यांनी आवडीनं खाल्लं.

जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी आली तर उभी करायच्या आधी थोडं अंतर पायातला ब्रेक हलका दाबून चालवायची, ड्रम सुकतो. ओला ड्रम आणि ओढलेला हँडब्रेक अशी गाडी चार-पाच दिवस राहिली की शू गंजानं चिकटतात. दुसरं, हँडब्रेकला भिऊन तो वापरायचाच बंद करायचा नाही. न हलणारी केबल लवकर जाम होते. त्यामुळं आता रोज सकाळी मी दांडी दोन-तीन वेळा वरखाली करतो. रात्री गाडीचं तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला दगड. पाऊस नसेल तेव्हा हँडब्रेकही ओढतो. नुसत्या गिअरवर या उतारावर गाडी सोडायची नाही.

सोमवारी कराडला गेलो. पोचल्यावर खाली उतरून दोन्ही चाकांजवळ हात नेला, दोन्ही सारखीच कोमट. परतताना मंडळींना जरा बरं वाटत होतं. मल्हारपेठ मागं पडल्यावर तिनं डोळे उघडले.

"अवो, आज गाडी कण्हत न्हाई," ती म्हणाली.

इतके दिवस मी एकटाच तो आवाज ऐकतोय असं मला वाटत होतं. मागच्या सीटवर पडल्या पडल्या तीही ऐकत होती आणि मला घोर नको म्हणून बोलत नव्हती. मी काही उत्तर दिलं नाही. थोरल्याचा रात्री फोन आला, भंगाराचं पुन्हा विचारलं. त्याला म्हटलं, २०२८ ला पासिंग आहे, तेव्हा बघू. तोवर सोमवार-गुरुवार आहेत.