अनोळखी सहप्रवासी

नोएडाच्या मेट्रोत मराठी बायबल वाचत होते. शेजारच्या मुलीनं विचारलं, "क्या पढ़ रही हो?" तिनं विचारलं तेवढंच येशूविषयी सांगितलं. छातीत धडधडत होतं, आनंदही होता. उत्तर प्रदेशात २०२१चा धर्मांतरविरोधी कायदा आहे. आमिष, जबरदस्ती माझ्या श्रद्धेलाही परकीच. संविधानाचं कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देतं. ऐकणाऱ्याचं मन मात्र त्याचं स्वतःचं.

मला कवी ना. वा. टिळक आठवले. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबलमधला नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये, तोही स्वतः वाचून, झगडून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी किती सोसलं! तेही विसरायचं नाही.

उद्यापासून बॅगेत नव्या कराराची हिंदी प्रत ठेवेन. कुणी मागितली, तरच देईन.