वाद्य बदलताना

रविवार, काचीगुडा

पन्नाशीला टेकल्यावर चांगलं व्हायोलिन घ्यायचं म्हटलं, की घरात 'आता हे कशाला?' येणारच. आलं. पण जुन्याच्या पट्टीला नुसता काळा रंग आहे. सराव वाढला तसा तो बोटांखाली उडून पांढरं लाकूड दिसायला लागलं. आज कोठीतल्या दुकानात पाहिलेल्याची पट्टी अस्सल आबनुसाची, पोट स्प्रूसचं, पाठ मेपलची.

दुकानदार पाश्चात्त्य पद्धतीने सूर लावून देत होते. मी तारा उतरवून षड्ज-पंचमात लावायला सांगितल्या, मांडी घातली आणि वाद्याचं टोक घोट्यावर टेकवलं. आपण ज्या बैठकीत वाजवणार, तिथेच पारख करावी. भूपातला सावकाश गंधार, मग धैवतावरून पंचमावर मींड. काही वाद्यं कानाशी भरदार वाटतात आणि दहा पावलांवर नाकात बोलतात. म्हणून दुकानातल्या मुलाच्या हाती दिलं आणि दाराशी उभी राहून ऐकलं.

गजाननबुवा जोशी गवईही होते आणि व्हायोलिनवादकही; त्यांच्या गजातून गळाच ऐकू येतो. मला तसा दाट खर्ज हवा, चमक नको.

गज मात्र वेगळा घेणार. सोबतचा हलका आहे, मधोमध उसळतो. माझ्या मते पैसे तिथे जास्त घालावेत. शिवाय इथला मे महिना! कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या सरकतात, सांधेही उकलतात.

आठवडाभर घरी न्यायची मुभा मिळाली आहे. उद्या अनामत भरायची.