दोरीचं माप

आमचे आण्णा रेल्वेत होते, लोंढ्याला. रूळ सांभाळणं हे त्यांचं काम. एका मे महिन्यात मी हट्टानं त्यांच्याबरोबर लाईनीवर गेले. वळण मोजायचं होतं. मला वाटलं, मोठं यंत्र असेल. पिशवीतून निघाली एक दोरी आणि स्टीलची पट्टी!

बाहेरच्या रुळावर दर १० मीटरला रंगाची खूण होती. २० मीटरची दोरी दोन गँगमननी रुळाच्या आतल्या कडेला टेकवून ताणून धरायची. मधल्या खुणेपाशी दोरी आणि रूळ यांच्यात जेवढं अंतर पडेल, ते आण्णा वाकून मोजायचे, वहीत लिहायचे. मग सगळे एक खूण पुढं. दोन डिग्रीचं वळण नीट असलं तर दरवेळी ५७ मिलिमीटर यायला हवं. एके ठिकाणी ६७ आलं. अशा जागी गाडीला झटका बसतो.

“मग तेवढंच आत ओढायचं की,” मी म्हटलं.

आण्णा हसले. “ओढ की! इथले १० कमी होतील, पण शेजारच्या दोन्ही खुणांवर पाच-पाच वाढतील. ५७ चे ६२. बेरीज तेवढीच राहती गं. म्हणून आधी सगळं वळण मोजायचं, कागदावर हिशेब करायचा, मग थोडं इथं, थोडं तिथं सरकवायचं.”

आण्णा गेले आणि आई बेळगावात एकटी राहिली. भाऊ पुण्यात. मी थोरली. रोज फोन करून, रागावून, रडून मी त्याला परत यायला लावलं. तो आला. चारचौघांत मी समाधानानं सांगत होते, घर मार्गी लागलं म्हणून.

पुढं दिवाळीला गेले तेव्हा दिसलं. पुण्यातली नोकरी सोडून आलेली भावजय दुपारभर खिडकीशी बसून असायची. आणि एकटीनं सगळं निभावणारी माझी आई, स्वतःच्याच स्वयंपाकघरात डबा कुठं ठेवू म्हणून विचारत होती.

भाऊ जागेवर आला होता. त्याच्या दोन्ही बाजूंचं मी मोजलंच नव्हतं.

परत आल्यावर भावजयीला फोन केला. सांगितलं काहीच नाही. पहिल्यांदाच विचारलं, “तुझं कसं चाललंय गं?”

ती बराच वेळ गप्प होती. मीही दोरी धरल्यासारखी थांबून राहिले.