लांबलेले लग्न आणि नेमक्या पाककृती

जोअॅन फ्लूक यांची ‘शुगर कुकी मर्डर’ (२००४) ही कादंबरी एका विद्यार्थिनीने एम. फिल.च्या प्रबंधिकेसाठी सुचवली, तेव्हा ‘हे वाङ्मय नव्हे’ म्हणून मी ती नाकारली. पुढे वाचली. मिनेसोटातले लेक ईडन हे कल्पित गाव, नाताळची मेजवानी, केक कापायच्या सुरीने झालेला खून. आणि बेकरीवाली हॅना, पोलीस अधिकारी माइक व दंतवैद्य नॉर्मन यांच्यात मन अडकलेली. ही निवड पुस्तकामागून पुस्तक लांबत गेली. (२०१६च्या ‘वेडिंग केक मर्डर’मध्ये ती लग्न करते, तेही तिसऱ्याशीच!) पाककृती मात्र लांबत नाहीत. लोणी किती, ओव्हन किती तापवायचा, सारे नेमके. प्रेमकथेने अडवून धरलेली पूर्ती वाचकाला स्वयंपाकघरात लाभते. ज्यांना मी कथानकाला लावलेले ठिगळ समजलो, त्यांच्यावरच रूपबंध उभा होता. त्या विद्यार्थिनीने अखेर ग्रामीण कादंबरीवर लिहिले, माझ्याच सांगण्यावरून.